शेवटची ऊब

कॅनडातल्या थंडर बे गावात जानेवारीत तळघराची जमीन म्हणजे निव्वळ बर्फ. म्हाताऱ्या आईला खाली राहायला आणायचं, तर तिथल्या न्हाणीघराची जमीन गरम करणं भागच होतं. हेल्मीने गॅरेट नावाच्या कारागिराला बोलावलं.

"ताई, टाइलखाली विजेच्या तारांची जाळी टाकली तर दोन दिवसांत काम फत्ते," गॅरेट म्हणाला. "बटण बंद केलं की लगेच गार. नाहीतर काँक्रीट फोडून गरम पाण्याच्या नळ्या घाला. घरभर धूळ होईल, पण ती जमीन तासन्‌तास ऊब धरून ठेवते."

"नळ्याच घाल," जिन्यावर बसलेली आई म्हणाली. "इथे तुझ्या आजोबांची सौना होती, वाफेने अंग शेकायची खोली. आपण भूर्जाच्या डहाळ्यांनी अंग झोडपून, शेकून निघालो की शेवटची वाफ त्या जागेच्या राखणदारासाठी ठेवायची. तो आपल्यामागून न्हातो."

"तुझा राखणदार विजेचं बिल भरणार असेल तर घालते!" हेल्मी हसली. तिने तारा टाकून घेतल्या. वर टायमरही लावला. आईची अंघोळ आटोपली की जमीन बंद.

आठवडा बरा गेला. मग एका सकाळी ती लापशी घेऊन खाली आली, तर आई पलंगावर भिंतीला चिकटून पडलेली.

"पोरी, रात्री पाय किती गार होते गं तुझे... मी सरकून जागा देतेय, तर तू आणखीच जवळ येतेस..."

"मी? आई, मी तर वर होते..."

हेल्मीने रजईच्या दुसऱ्या बाजूला हात घातला. गादी ओली, गारठलेली होती. हाताला एक पान लागलं. भूर्जाचं, हिरवं, भर जानेवारीत. तिची पाचावर धारण बसली.

तिने तडक गॅरेटला फोन केला. "काँक्रीट फोडा. नळ्याच घाला." तो उद्या येतो म्हणाला. तोवर तिने टायमर काढला आणि जमीन चालूच ठेवली. रात्रभर घे बाबा शेकून, ती मनात म्हणाली.

सकाळी आई पलंगाच्या मधोमध शांत झोपली होती. गादी कोरडी होती. हेल्मीचा जीव भांड्यात पडला.

ती न्हाणीघरात शिरली. बटणावरचा दिवा विझलेला होता. वीज रात्रीच केव्हातरी गेली असावी. जमीन थंडगार पडली होती. फक्त मधोमध, दोन पावलांएवढ्या जागेत, तिच्या तळव्यांना ऊब लागली.

ती धावत मागे फिरली आणि रजईखाली हात घालून आईचे पाय चाचपू लागली.

"आई...?"

पाय बर्फासारखे गार होते. आणि मागे, न्हाणीघरात, कुणीतरी समाधानाने सुस्कारा सोडला.