दोन बाटल्यांची चाचणी

"हे शून्य कोणी दिलंय?"

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेच्या खिडकीपलीकडे एक तरुण माझाच अहवाल नाचवत उभा होता. खाली सही माझी. पळ काढायला वाव नव्हता.

"मी दिलंय. तुम्ही दिलेल्या झाडाच्या सालीत वेदना कमी करणारा घटक सापडला नाही."

"माझे वडील चाळीस वर्षं त्याच सालीचं तेल देतायत. लोकांचे गुडघे काय खोटं बोलतात?"

"गुडघ्यांची साक्ष इथे चालत नाही."

तो हसला नाही. शुक्रवारपर्यंत अहवाल बदलला नाही, तर वडिलांचा तेल विकायचा परवाना जाणार होता. मी जरा नरमले. तेल करतात कसं, ते विचारलं.

"साल तेलात कढवतात. मंद आचेवर."

...आणि माझी ट्यूब पेटली. मी सवयीने साल पाण्यात उकळली होती! काही घटक पाण्यात उतरतच नाहीत. चूक माझीच, आणि ती मी तिथल्या तिथे कबूल केली.

"तेलच आणून द्या. तीन दिवस लागतील."

दुपारी त्याने घरातली शेवटची बाटली आणून दिली. पावतीवर सही करताना माझं मनगट कळवळलं — रोज पिपेट दाबून दाबून दुखायचंच ते. त्याची नजर नेमकी तिथेच.

"तेल लावून देऊ?"

"पुराव्याशिवाय मी औषध लावत नाही."

"मग पुरावा गोळा करा की!"

मंगळवारी तो दोन छोट्या बाटल्या घेऊन हजर. एकीत औषधी तेल, दुसरीत साधं. कुठल्या बाटलीत काय, ते मला सांगायचं नाही. पद्धत बिनचूक होती, नाही कशी म्हणणार? त्या दिवशी एक, बुधवारी दुसरी. जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या बाकावर बसून तो माझं मनगट चोळून द्यायचा... आणि बुधवारी तर मी अकरापासूनच घड्याळ बघत होते. तो मला आवडायला लागला होता, दुसरं काय!

गुरुवारी यंत्राने कौल दिला. तेलात घटक होता, चांगला भरपूर. नवा अहवाल वाचताना त्याचे डोळे भरून आले.

"पण तुमची चाचणी फसली," मी म्हणाले. "दोन्ही बाटल्यांनी सारखाच आराम पडला."

त्याने मान खाली घातली. "दोन्हींत साधंच तेल होतं. औषधी तेलाची शेवटची बाटली... तुमच्याकडेच होती ना?"

होती की! माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, कोण जाणे.

"म्हणजे खोटं बोललात!"

"तुमचा हात धरायला दुसरं कारण सुचलं नाही."

"मग दुखणं कशाने थांबलं?"

"ते तुम्ही शोधा. तपासणं तुमचं काम."

मी मनगटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"उद्या सुट्टीत या," मी म्हणाले. "बाटल्या आणू नका. तेलाशिवाय करून बघू."