बाबांचा रोल आणि गुरुवार

"अहो, आधी ते झाकण काढा!"

मंडईत, मिरच्यांच्या ढिगासमोर गुडघे टेकून बसलेल्या एका माणसाला मी हे ओरडून सांगितलं. त्याच्या डोळ्याला जुना रोलचा कॅमेरा आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर चांगलं घट्ट बसवलेलं काळं झाकण. मिरचीवाली मुक्ताबाई बिचारी मघापासून पदर सावरून हसत होती.

त्यानं झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे... मग परत झाकणाकडे.

"म्हणजे आतापर्यंतचे सहा फोटो..."

"काळे. मुक्ताबाईंसकट."

दुसरा कोणी असता तर खजील होऊन निघून गेला असता. हा मात्र कानापर्यंत हसला. "थँक्यू हं. रोलमधले उरलेले तीस वाचवलेत माझे."

झाकण काढायला सांगितलं म्हणून इतके मनापासून आभार! पुण्यात अशी सवय नसते हो आम्हाला.

त्याचं नाव वैजनाथ. मूळचा परळीचा, नोकरी हिंजवडीला. "ऑफिसात सगळे व्हीजे म्हणतात," तो म्हणाला.

"मी नाही म्हणणार. इतकं चांगलं नाव असताना!" मी बोलून गेले आणि उगाच मिरच्या निवडायला लागले. मला मिरच्या घ्यायच्याच नव्हत्या.

पण तो पुढे जे म्हणाला, त्यानं माझा हात थांबला. तो घरी रोल धुण्याचं मशीन बनवत होता. रोटरी प्रोसेसर. गरम पाण्यात आडवा ड्रम, आत रोल आणि केमिकल. मोटर ड्रम फिरवत राहते आणि पाणी बरोबर अडतीस अंशांवर राहतं.

अडतीस अंश... आमच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे एक डबी होती. तीत बाबांचा शेवटचा रोल. नारायण पेठेत आमचा छोटा स्टुडिओ आहे, बाबांनी चाळीस वर्षं चालवलेला. ते गेले त्याला तीन वर्षं झाली. आता मी तिथे पासपोर्टचे फोटो काढते, मोबाइलमधले फोटो छापून देते. कलरचा रोल सव्वातीन मिनिटं ठरल्या तापमानात धुवावा लागतो, जरा इकडचं तिकडे झालं की संपलं. बाहेर कुणाच्या हाती द्यायचा धीर नव्हता आणि स्वतः धुवायचा तर त्याहून नव्हता. आई दर दिवाळीला विचारायची, "अक्षता, त्या डबीचं काय करायचं गं?" मी फ्रिज लावून टाकायची.

"आमच्याकडे डार्करूम आहे," मी त्याला म्हणाले. "मशीन इथे आणून बघा."

तो पुढच्या रविवारी आला. बसमधून, मशीन गोणपाटात गुंडाळून! पहिला रोल धुतला, तर सगळ्या फोटोंवर पट्टे.

"मोटरचा कोड बरोबर आहे," तो पुटपुटला.

"असेल. फोटो चुकलेत." मी ड्रमकडे बोट केलं. "हा एकाच बाजूला फिरतोय. बाबा एकदा पुढे, एकदा मागे फिरवायचे. पुण्यातल्या पेठा मोजत... कसबा पुढे, रविवार मागे, सोमवार पुढे..."

"घड्याळ नव्हतं?"

"होतं की. पण पेठा चुकत नाहीत, असं म्हणायचे."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. सगळ्या पेठा, ओळीनं! दुसरा रोल बरा आला. तिसऱ्यात मुक्ताबाईंच्या मिरच्या अशा लालचुटुक उमटल्या, की फोटो बघून त्यांनी कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. वर म्हणाल्या, "जोडीनं येत जा." आम्ही दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं...

डबीतल्या रोलबद्दल मी त्याला एव्हाना सांगितलं होतं. त्या दिवशी त्यानं हळूच विचारलं, "आता बाबांचा? नाही म्हणालात तरी चालेल. मशीन नवं आहे, आणि रोल एकच."

मी कोथिंबिरीच्या जुडीचा दोरा सोडून पुन्हा बांधला. "गुरुवारी या," शेवटी म्हणाले. "दुकान बंद असतं."

तो रजा टाकून आला. मी अंधारात रोल ड्रममध्ये भरला, उजेड आत जाणार नाही असं झाकण बसवलं आणि दिवा लावला. केमिकल ओतलं, मोटर गुणगुणायला लागली. एक मिनिट झालं...

आणि टप्प! दिवा, पंखा, मोटर, सगळं बंद.

"जनरेटर?" त्यानं विचारलं.

"नारायण पेठेत?" मला रडूच फुटलं. "संपलं. बाबांचा रोल गेला..."

"काही गेलं नाही. पाणी गरम आहे अजून." मोबाइलच्या उजेडात त्यानं ड्रम मोटरपासून सोडवला, माझे हात धरून त्यावर ठेवले आणि त्यावर स्वतःचे. "सव्वादोन मिनिटं राहिलीत. मोजा."

"मला नाही जमणार—"

"बाबांसारखं मोजा, अक्षता."

"कसबा..." ड्रम पुढे. "रविवार..." मागे. कोमट पाण्यात चार हात. "सोमवार... मंगळवार... बुधवार... गुरु—" मी थबकले. "अगं बाई! आज गुरुवार! गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते! म्हणून तर दुकान बंद ठेवतो आम्ही!"

"ते नंतर बघू. शुक्रवार!" हात न थांबवता तो म्हणाला.

"शनिवार..." मी हसत होते की रडत होते, देव जाणे. "नारायण... सदाशिव..."

सगळ्या पेठा फिरून आम्ही पुन्हा कसब्यात आलो, परत निघालो. पुढची केमिकलंही हातानंच फिरवली, गॅसवर पाणी तापवून. मग दारातल्या उजेडात रोल लटकवला आणि त्यानं मोबाइलवर निगेटिव्हचे रंग उलटे करून एकेक फोटो दाखवला. छत्तीसच्या छत्तीस! मंडई. केसांना तेल लावणारी आई. आणि शेवटच्या फोटोत माझा तळहात. "बाबा, वाया नका ना घालवू, एकच उरलाय!" म्हणत मी भिंगापुढे धरलेला. बोटांच्या फटीतून माझं अर्धं हसू दिसत होतं. त्यांनी तो वाया घालवला नव्हता.

आई वरच्या घरातून खाली आली, रोलला हात न लावता कितीतरी वेळ बघत राहिली. मग डोळे पुसून वैजनाथला म्हणाली, "जेवल्याशिवाय जायचं नाही." आमच्या घरात याहून मोठे आभार नाहीत.

ती वर गेल्यावर तो मशीन गोणपाटात बांधायला लागला. "एक विचारू? जन्मापासून पुण्यात राहता. गुरुवार कसा विसरलात?"

थाप मारता आली असती. पण ज्यानं माझे बाबा मला परत आणून दिले, त्याच्याशी काय खोटं बोलायचं?

"तू येणार होतास ना," मी म्हणाले. "मला तेवढंच लक्षात होतं."

त्याच्या हातातली सुतळी सुटली. कानांच्या पाळ्या मुक्ताबाईंच्या मिरच्यांसारख्या झाल्या. "मी... मी पुढच्या वेळी बॅटरी लावून आणतो. लाईट गेली तरी मोटर चालू राहील..."

"नको लावूस."

"मग लाईट गेली तर?"

"मी आहे ना," मी म्हणाले. "आणि हे बघ... गुरुवारीच येत जा."