नीलतारा कधी बुडाली?

झेरॉक्स मशीनपाशी उभी राहून मी गुणगुणत होते, एवढाच माझा गुन्हा.

"थांबा — काय म्हणालात तुम्ही?"

काउंटरपलीकडे एक उंच, भिजलेला माणूस स्वतःचे कागद विसरून माझ्याकडे बघत होता. दुसरबीडच्या माझ्या दुकानात लोक आधारकार्ड, सातबारा घेऊन येतात. गाणं ऐकायला कोणी येत नाही.

"झेरॉक्स पाह्यजे का गाणं?" मी विचारलं.

"गाणं. त्यात नीलतारा म्हणालात ना?"

मग मी अख्खंच म्हणून दाखवलं. साखरखेर्ड्याला आमच्या घरच्या बाया दर माघी पुनवेला ते म्हणतात —

माघातल्या पुनवेले बुडाली नीलतारा गं,
आगवाला धनी गेला, कोन देईन थारा गं

माझे पणजोबा पुंजाजी दुसऱ्या महायुद्धात नीलतारा नावाच्या बोटीवर आगवाले होते, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे. बोट बुडाली, तेही गेले. मागे राहिलेल्या पणजीनं हे गाणं रचलं.

त्याचं नाव प्रसेनजित. गाव आमच्याच जिल्ह्यातलं वडनेर भोलजी, शिक्षण पुण्याला, आणि काम युद्धात बुडालेल्या खलाशांची नावं शोधायचं. मुंबईला त्यांचं स्मारक होणार होतं. दगडावर कोरायच्या नावांची यादी आज पाच वाजता बंद होणार होती. त्याच्या कागदावर होतं : 'नीलतारा. आगवाला. पुंजा, बेरार.' बस्स. ना बापाचं नाव, ना गावाचं.

"बेरारात, म्हणजे अख्ख्या वऱ्हाडात, पुंजे शंभर असतील," तो म्हणाला. "हा कोणाचा, ते ठरेना. तुमचं गाणं पुरावा होऊ शकतं."

माझी आजी कलाबाई ही पुंजाजींची एकुलती लेक, आता पंच्याऐंशीची. तिच्याकडे बापाचा फोटो नाही, काही नाही. एकदा त्याचं नाव कुठंतरी लिहिलेलं पाहायचं, एवढंच ती मागते.

आणि मग प्रसेनजितचा चेहरा उतरला. "पण... बोट बुडाली ऑक्टोबर बेचाळीसमध्ये. गाण्यात माघ, म्हणजे पुढचा फेब्रुवारी. चार महिन्यांचा फरक! स्मारकाची समिती म्हणेल, ऐकीव गोष्ट."

"मंग गाण्यात ऑक्टोबर लिहा न. कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहतोय."

"काय बिघडते तुमचं एवढ्यानं?"

"एक खोटं सापडलं तर बाकीच्या तीनशे नावांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही, मनाली."

नाव दुकानाच्या पाटीवर वाचलं असणार. इतकं गोड घेतलं, अन् बोलला किती कडू! मी शटर खाली ओढलं. "चला साखरखेर्ड्याले. आजीच्या तोंडावर सांगा, तुह्या बापाचं नाव बसत नाही म्हनून."

त्याच्या मोटारसायकलवर मी मध्ये बॅग ठेवून बसले. पाऊस भुरभुरत होता, दोन्हीकडे सोयाबीन. खड्डा आला की बॅग सरके, अन् मी ती परत मध्ये कोंबायचे.

"रागावलात?"

"नाही तं काय, आरती ओवाळू?"

तो हसला. मला राग आलाच होता. आणि तरी त्या भिजलेल्या पाठीकडं बघत राहावंसं वाटत होतं, त्याचा वेगळा राग.

घरी पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. आजी ओसरीवर शेंगा सोलत होती. प्रसेनजित तिच्यासमोर खाली बसला आणि सगळं हळूहळू सांगितलं. 'ऑक्टोबर' ऐकताच आजीचे हात थांबले.

"तुले कोनं सांगतलं?"

"सरकारी कागदात आहे, आजी."

आजी पुन्हा शेंगा सोलू लागली. साडेचार वाजले. मी काही बोलणार, तर त्याने नुसता हात उचलला... अन् मी, जी कोणाच्या बापाला ऐकत नाही, चूप बसले.

"एक कडवं आमी म्हनत नाही," शेवटी आजी म्हणाली. "मायनं शपथ घातली होती." आणि पातळ आवाजात तिनं ते म्हटलं —

चार महिने कुंकू लेले कोन्या नावानं गं,
तार आली दारी तवा पुसलं गावानं गं

तार माघात आली होती, तिच्यात बोट बुडाल्याची तारीख ऑक्टोबरची. मधल्या काळात पणजीनं दिवाळी केली, संक्रांत केली, हिरव्या बांगड्या भरल्या.

"लोकं म्हनतीन, नवरा पान्यात अन् हे नटून फिरे," आजी म्हणाली. "म्हनून माह्या आजीनं, मायच्या सासूनं, तार चुलीत घातली. सुनेले कोनी बोलू नये म्हनून. अन् तार आली तोच दिवस मरनाचा म्हनून साऱ्या गावाले सांगतला."

ऐंशी वर्षं आम्ही चुकीच्या दिवशी रडत होतो.

"आजी," प्रसेनजित म्हणाला, "हे कडवं पाठवावं लागेल. छापलंही जाईल. तुमची मर्जी नसेल तर... मी नाही पाठवणार."

पाचला वीस मिनिटं होती. मी आजीकडे बघत होते.

"छाप," आजी म्हणाली. "माह्या मायनं चोरी नाही केली काही. तिले ठाऊकच नव्हतं."

आणि ती रडायला लागली. प्रसेनजितची पुणेरी भाषा कुठल्या कुठं पळाली. "नको रडू वं आजी," तो म्हणाला, "मी हाये न इथं."

संपलं. तिथंच मी कामातून गेले.

आजीनं कडवं पुन्हा म्हटलं, त्यानं ते फोनवर टिपलं. घरात रेंज नाही, म्हणून आम्ही धावत गच्चीवर गेलो. पाचला सात मिनिटं. फोनवर ते गोल चाक फिरतंय, फिरतंय... नकळत मी त्याचं मनगट घट्ट धरलं. गेलं! दोन मिनिटांनी समितीच्या बाईंचा फोन आला. तारीख जुळते, गाव मिळालं, नाव घेतलं. 'पुंजाजी, आगवाला, साखरखेर्डा.'

मनगट अजून माझ्या हातात होतं, आणि सोड असं तोही म्हणत नव्हता.

"मी दुकानातच तारीख बदलली असती तर?" त्यानं विचारलं.

"तर तुमच्यावर कधी भरोसा नसता ठेवला."

"आणि आता?"

"आता आवडता तुमी मले. झालं? का याचाही पुरावा लागते?"

तो कानापर्यंत लाल झाला. तेवढ्यात खालून आजीनं हाक मारली, "कोनती तारीख होती रे बाबू? यंदापासून बापाची मेनबत्ती त्याच दिवशी लावीन."

"सतरा ऑक्टोबर, आजी!" तो ओरडला. मग हळूच माझ्याकडे वळला. "मी येऊ त्या दिवशी?"

"पाहुना म्हनून येत असान तं नका येऊ," मी म्हटलं. "घरचा मानूस म्हनून येत असान तं या."

"घरचा म्हणून येतो," तो म्हणाला, अन् माझा हात न सोडता आजीला सांगायला जिना उतरू लागला.