सात पिढ्यांची परवानगी

"माझ्या ट्रॅकरवर माझ्या परवानगीशिवाय माशीसुद्धा बसत नाही!"

मांस भरलेला गरम समसा घ्यायला तंदूरापुढच्या रांगेत उभी राहून बेगिमाय हे नुर्जानला, ॲपच्याच कामातल्या आपल्या मैत्रिणीला, सांगत होती. तेही तंदूरवाल्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात. किर्गिझस्तानच्या डोंगरातली कुरणं आणि खिंडी दाखवणारं एक फुकटचं ॲप होतं. बिश्केकमधली हौशी पोरं मिळून ते बनवायची. त्यातल्या चुकांची नोंद जिथे व्हायची, त्या ट्रॅकरची किल्लेदारीण म्हणजे बेगिमाय. चूक कोणी नुसती कळवायची, कोणी तपासायची, कोणी 'झाली दुरुस्त' म्हणून बंद करायची... सगळं तिनेच ठरवलेलं आणि नियमावलीत चित्रांसकट लिहिलेलं.

"पण..." मागून कोणीतरी म्हणालं, "मी कालच बऱ्याच चुका बंद केल्या की."

ती गर्रकन वळली. उंच पोरगा. थंडीने कान लाल झालेले, तंदूराच्या वाफेने चष्मा पांढरा. तो मफलरच्या टोकाने काचा पुसत होता — अगदी सावकाश.

"तुम्ही कोण?"

"एल्दियार. मूळचा वरचा, डोंगरातल्या नारिनचा, इथे शाळेत भूगोल शिकवतो. नाव नोंदवलं आणि सगळी बटणं दिसायला लागली. म्हटलं, काय दिलदार माणसं!"

बेगिमायने तिथेच मोबाइल उघडला. नियमावलीसाठी चित्र काढायचं म्हणून तिने 'येईल त्याला सगळे अधिकार' असं क्षणभर करून पाहिलं होतं. चित्र काढलं, अधिकार काढायचे राहिले.

"चित्र मात्र छान आलंय," एल्दियार डोकावून म्हणाला.

तिने रागाने समसाचा घास घेतला आणि जीभ पोळून घेतली. मग स्वतःचे सोडून सगळ्यांचे अधिकार काढले, त्याचेही.

"अहो! आमच्याकडच्या खिंडी बर्फाने बंद झाल्यात, नकाशा उघड्या दाखवतो. माझ्या काकांना मी फोन केला, बाकीच्या मेंढपाळांना कोण करणार?"

"अर्ज करा," ती म्हणाली. पोळलेल्या जिभेने ते 'अल्ज कला' असं ऐकू आलं. तो हसला... आणि तिला हसू दाबता येईना.

शनिवारी तो चहाखान्यात आला. मागे एकाने आपली सगळी चुलतभावंडं ट्रॅकरमध्ये घुसवली होती, तेव्हापासून बेगिमायचा नियम कडक होता : आपल्या माणसाला आपण अधिकार द्यायचा नाही. आणि आपलं माणूस म्हणजे सात पिढ्यांपर्यंतचं.

"सात बाप सांगा," ती म्हणाली.

त्याने डोळे मिटून, बापापासून वर चढत, सातही नावं म्हटली. तिने आपली म्हटली. एकही जुळलं नाही.

शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी चहाची वाटी खाली ठेवली. "वा! सात पिढ्यांत नातं नाही ना? म्हणजे लग्नाला आडकाठी नाही. मग कधी?"

"आजी, हे... ट्रॅकरसाठी आहे," बेगिमाय कानापर्यंत लाल झाली.

"आमच्या वेळी ट्रॅक्टर नसला तरी करायचे," म्हणत आजीबाईंनी आपली मिठाईची बशी त्यांच्याकडे सरकवली.

त्यानंतर दर शनिवारी बेगिमायला अर्जात एक नवी शंका सापडायची. कधी खिंडीची उंची, कधी मेंढ्यांची वाट. तोवर तो कळवेल त्या खिंडी ती नकाशात स्वतःच दुरुस्त करायची, पण अधिकार काही द्यायची नाही. एल्दियार चहा ओतायचा. पाहुण्याला ओततात तसा — वाटीत थोडासाच, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता यावा.

"मुद्दाम अडवताय ना?" एके दिवशी त्याने विचारलं.

"हो."

"का पण?"

ती वाटीत बघत राहिली. "अधिकार मिळाला की तुम्ही कशाला याल..."

"वेडी का काय तू!" तो म्हणाला, आणि तोंडून 'तू' निसटल्याचं लक्षात येताच घाईने चहा ओतायला लागला. "अर्ज मी पहिल्याच आठवड्यात मागे घेणार होतो. मग म्हटलं, शनिवार हातचे जातील."

बाहेर चिनाराची शेवटची पानं गळत होती. तिचा हात त्याच्या हातात कधी गेला, कोणाला कळलं नाही.

"पण आता तू माझं माणूस झालास," ती हळूच म्हणाली. "मी तुला अधिकार देऊ शकत नाही."

"नको देऊस. मी आपला कळवत राहीन."

"आणि मेंढपाळांचं काय? मी झोपलेली असले तर?" बेगिमायने मान उडवली. "किल्लेदारी नुर्जानला देते. ती देईल तुला."

"तुझा जीव आहे त्या ट्रॅकरमध्ये."

"होता," ती म्हणाली.

उजवा हात सोडवायचा नव्हता, म्हणून तिने डाव्या हाताने मोबाइल उघडला. एका वेळी किल्लेदार एकच, या आपल्याच नियमाप्रमाणे आधी स्वतःचे अधिकार काढले. मग नुर्जानला द्यायला गेली. द्यायचा अधिकार असलेलं आता ट्रॅकरवर कोणीच उरलं नव्हतं.