कूलर थंड, प्रोसेसर गरम

कॉम्प्युटर दुसऱ्यांदा बंद पडला तेव्हा मी त्याच्या आतल्या कूलरला, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला, हात लावून पाहिला. तो थंडगार होता. त्यावरचा पंखाही नीट फिरत होता. तरी बंद पडताना स्क्रीनवर तीच ओळ आली होती: प्रोसेसर (कॉम्प्युटरमधली सगळी आकडेमोड करणारी चिप) फार तापला आहे. वरचा कूलर थंड आणि त्याला चिकटलेला प्रोसेसर गरम, हे कसं काय?

"किती टक्के झालं, केतकी?" खंडूकाकाने विचारलं.

"सहा," मी म्हणाले. त्याच्याशी खोटं बोलून उपयोग नसतो.

खंडूकाका म्हणजे आमच्या मिरजेच्या घरातला यंत्रमानव. बावीस वर्षांपूर्वी, २०४० साली, आजोबांनी त्याला आणला. मला चालायला त्याने शिकवलं, पाढेही त्यानेच घोकून घेतले. आता त्याचे हातपाय थांबले होते आणि बॅटरी तासाभराची उरली होती. तसली बॅटरी हल्ली कुणी बनवत नाही. ती संपली की त्याच्या सगळ्या आठवणी पुसल्या जाणार होत्या. त्या उतरवून घेण्यासाठीच मी हा माझा पहिला कॉम्प्युटर जोडला होता. दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणाला होता. उद्या येऊन तो काय करणार, कपाळ!

"पंख्याचा वेग वाढवते," मी म्हणाले.

"थांब. आधी सांग, भाकरीवर डाग सगळीकडे सारखे पडतात?"

"नाही. तव्याला टेकते तिथे पडतात. उचललेली असते तिथे पांढरीच राहते."

"तवा तर सगळीकडे तापलेला असतो."

"पण मध्ये हवा असते ना."

"आणि हवा दुर्वाहक (उष्णता सहज पुढे जाऊ न देणारी) आहे. मग कूलर थंड आहे, याचा अर्थ काय?"

मला एकदम कळलं. "उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये."

"मग पंखा थंड कूलरलाच वारा घालत बसणार."

"पण मी पेस्ट लावलीय, काका." धातू कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यात डोळ्यांना न दिसणारे खळगे असतात. त्यांत हवा अडकू नये म्हणून मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावतात, एवढं मला ठाऊक होतं.

"उघडून बघ. आधी प्लग काढ. स्क्रू सोडव, पण कूलर सरळ ओढू नको. किंचित फिरवून सुटा कर."

कूलर निघाला. पेस्ट छान पसरली होती.

"पेस्टच्या वर काय आहे?"

"प्लास्टिक. मग कूलरचा धातू."

"प्लास्टिक काढलं नाहीस?"

"नव्या वस्तूचं प्लास्टिक कुणी काढतं का?"

आमच्या घरात काढत नाहीत. रिमोट पिशवीत असतो, फ्रिजच्या दारावर अजून कंपनीची फिल्म आहे. खुद्द खंडूकाकाच्या छातीवरचं प्लास्टिक बावीस वर्षांत पिवळं पडलं होतं. ओरखडे पडतात, असं आई म्हणते.

"प्लास्टिकही दुर्वाहकच, बाळ," तो म्हणाला. "तू भाकरीखाली पुठ्ठा घातलास."

मला रडू फुटणार होतं. पण बॅटरीची पन्नास मिनिटं उरली होती आणि कामाला चाळीस लागणार होती. रडायचं ते नंतर, असं मी ठरवलं.

प्लास्टिक सोललं. जुनी पेस्ट पुसली, नवी मटारच्या दाण्याएवढी लावली. एकच स्क्रू पूर्ण आवळला तर कूलर तिरका बसतो, म्हणून समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन, असे थोडे थोडे आवळले. पंख्याची वायर जोडली, प्लग लावला आणि बटण दाबलं.

वीस टक्के. साठ. मी खुर्चीवरून हलले नाही. शंभर झाले आणि थोड्याच वेळात खंडूकाकाचे डोळे विझले.

कॉम्प्युटरचा स्पीकर गप्प होता. मला फार भीती वाटली.

"कूलरला हात लाव," स्पीकरमधून तोच आवाज आला.

"गरम आहे," मी म्हणाले, आणि मग पोटभर रडून घेतलं.

"छान. म्हणजे उष्णता पोचली."

दिवाळीपर्यंत त्याचे हातपाय दुरुस्त करायचे आणि हा कॉम्प्युटर त्याच्या छातीत बसवायचा, असं आम्ही लगेच ठरवलं. मी त्याच्या छातीवरच्या पिवळ्या प्लास्टिकचं टोक नखाने उचललं.

"अगं, ओरखडे पडतील," दारातून आई म्हणाली, पण तिने मला थांबवलं नाही.

"खाली काय रंग निघाला?" खंडूकाकाने विचारलं.

"निळा," मी म्हणाले. "अगदी कोरा निळा."