दोन गाण्यांच्या मधे

पटलं नाही तर सोडून द्या. पण माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत हे घडलंय, आणि अनुजा थापा मारणाऱ्यांतली नाही.

गेल्या वर्षीचा श्रावण. कोल्हापूर, राजारामपुरी. संध्याकाळची वेळ.

अनुजा जुन्या-नव्या अल्बमवर लिहायची. ऐकताना मनात काय उमटलं, तेवढंच. त्या दिवशी ती खिजरचाचांकडे गेली. बंद पडलेला एक रेकॉर्डिंग स्टुडिओ घेऊन चाचांनी तिथे आपल्या तबकड्या मांडल्या होत्या. आतली खोली आवाजबंद. दार जाडजूड.

"बस निवांत. मी हितंच भाईर हाय," चाचा म्हणाले.

तिने गझलांची जुनी तबकडी लावली. हेडफोन चढवला. गाणारीचा आवाज असा, की ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिल्यासारखं वाटावं.

गझल संपली. नुसती खरखर...

आणि त्या खरखरीत कुणीतरी श्वास घेतला.

जुनं रेकॉर्डिंग, दुसरं काय.

दुसरी गझल संपली...

"दार उघड की."

बाईचा आवाज. दबलेला.

अनुजाने झटकन सुई उचलली. मोबाईलवर उतरवून ठेवलेला एक ताजा अल्बम लावला. धडधडीत ठेका, तरणी गाणी. तिला जरा हायसं वाटलं.

गाणं संपलं...

"दार उघड की. जीव गुदमरतोय माझा."

हेडफोन फेकून ती दाराकडे धावली. मूठ फिरली. दार हललं नाही.

"चाचा! दार उघडा!"

भिंतींनी आवाज गिळून टाकला. ती धक्के देत राहिली. मोबाईलला रेंज नव्हती. श्वास पुरेना.

मागे, जमिनीवर पडलेल्या हेडफोनमधून...

कुणीतरी हुंदके देत होतं.

आणि दार आपसूक उघडलं.

चाचा समोरच चहा पीत बसले होते.

"कडी का लावली तुम्ही?" तिला रडू फुटलं.

"ह्या दाराला कडीच न्हाय, पोरी." मग त्यांनी तिच्या मागे डोकावून पाहिलं. "पर तुझ्यासंगं दुसरी कोण हाय? मघाधरनं दोघी हसत होता की."

अनुजाचं लिहिणं तिथेच थांबलं. चाचांनी ते दार काढून टाकलं.

परवा मी मुद्दाम जाऊन आलो. नुसती चौकट उरली आहे. मी आत पाऊल टाकलं...

रस्त्यावरचा गलका तुटल्यासारखा थांबला.

वळून पाहिलं. चाचा चौकटीत उभे राहून मला जोरजोरात हाका मारत होते.

फक्त ओठ हलताना दिसत होते...