सेझिम त्याला काय म्हणाली?

शाळेच्या फाटकाआड एक परका पुरुष माझ्या चौदा वर्षांच्या बहिणीशी हळू आवाजात बोलताना दिसला, आणि मी तंदूरचा चिमटा हातात घेऊनच धावले.

"काय चाललंय? पोरी पळवणाऱ्यांची आमच्या नारीनमध्ये काय गत करतात, ठाऊक आहे ना?"

तो दचकला. गळ्यातलं ओळखपत्र पुढे धरत म्हणाला, "पळवायला नाही, विचारायला आलोय. मी सामत, राजधानीतला, बिश्केकचा. देशभरातल्या मुलांच्या तब्येतीचा अभ्यास चाललाय आमचा... आणि तेवढा चिमटा खाली घ्याल का? तापलाय."

चिमटा खाली घेतला. संशय मात्र तसाच ठेवला.

माझा स्वभावच तसला. आई मॉस्कोत झाडलोट करून पैसे पाठवते. सेझिम मला एजे म्हणते खरी, पण मी तिची थोरली बहीण कमी नि आई जास्त. शाळेसमोर तंदूरमध्ये मटण भरलेले सामसे भाजून, विकून तिला वाढवलं, आणि तीच पोर महिनाभर धड जेवेना. वर्गात घेरी येऊन पडली. विचारलं की एकच, "काही नाही, एजे." आणि या परक्यापाशी मात्र पोपटासारखी बोलली! काय बोलली? मला कळायलाच हवं होतं.

दुपारी तो सामसा खायला आला. मी मुद्दाम मोठ्यातला मोठा दिला.

"काय म्हणाली सेझिम?"

"मुलं सांगतात ते त्यांचंच राहतं. घरच्यांनाही सांगायचं नाही, असा शब्द देतो आम्ही."

"अहो, मी घरची कसली? मीच तिचं घर आहे!"

"रक्त कमी आहे तिचं. दवाखान्यात न्या. एवढं सांगायला तिनं हो म्हटलंय."

"आणि बाकीचं?"

"सामसा फक्कड झालाय."

मेला ताकास तूर लागू देईना! दवाखान्यात नेलं, गोळ्या मिळाल्या, पण जेवणाच्या नावानं शून्य. मग मीही हट्टाला पेटले. त्याला बोलतं करायला रोज डोक्याला हिरवा रुमाल बांधायला लागले. आधी सेझिमसाठीच हं... पण खोटं कशाला बोलू? वाऱ्यानं उडालेली माझी ताडपत्री तो न सांगता बांधून द्यायचा, गरम सामशानं ओठ भाजला की लहान मुलासारखा हसायचा. पुढे पुढे तो रुमाल माझ्यासाठीच होता.

"चहा आज फार गोड झालाय, मीरगुल."

"बघत राहिलं की होतो."

"मी तंदूरकडे बघतोय."

"तंदूर इकडे आहे... डोळे भलतीकडेच."

त्याचे कान लाल झाले. मला चेव आला. "बिश्केकची घरं मोठी असतात म्हणे. एखादी सामसेवाली मावेल?"

त्याचा घास हातातच राहिला. हसू गेलं. "मला... निघायला हवं."

त्यानंतर तो पलीकडच्या गल्लीनं जायला लागला. पाणी कुठंतरी मुरतंय! बायको असणार, दुसरं काय! एवढं रडू आलं मला... तशीच शाळेत गेले आणि त्याला गाठलं.

"लग्न झालंय तुझं?"

"नाही."

"मग तोंड का चुकवतोस?"

"ते सांगता येत नाही." मग अगदी हळू म्हणाला, "तिलाच विचार. ओरडू नकोस, ताट पुढे करू नकोस. नुसती बस तिच्याजवळ."

संध्याकाळी मी नुसती बसले. बोलायचं नाही म्हणजे मला केवढी शिक्षा! शेवटी सेझिमच हुंदके द्यायला लागली. "आई मॉस्कोला निघून गेली. आता सगळे तुझं लग्न काढतायत. मी आजारी असले तर तू जाणार नाहीस ना?"

मी पोटाशी धरलं तिला. "वेडे! मी जाईन तिथं तू येशील."

"नवरा नको म्हणाला तर?"

"तर तो नवराच नको."

आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सामतला हे सगळं ठाऊक होतं. तो मला हो म्हणाला असता, तर या पोरीनं उरलासुरला घासही सोडला असता. म्हणून तो उठून गेला होता, आणि मी त्याला बायको चिकटवून मोकळी!

सेझिमनं पावाचा तुकडा मोडला. "एजे, त्यानं तुला खरंच काही नाही सांगितलं?"

"एक अक्षर नाही. एवढे सामसे कोंबले तरी!"

तिनं तो तुकडा खाल्ला. मग दुसराही.

दुसऱ्या दिवशी तीच त्याला बायके, म्हणजे दादा, म्हणत हाताला धरून तंदूरपाशी घेऊन आली. "बायके, मी एजेला सगळं सांगून टाकलं. आता तुमचं जे काय आहे ते तुम्ही सांगा."

सामतनं माझ्याकडे पाहिलं... आणि खाली वाकून तिलाच म्हणाला, "माझं बिश्केकमध्ये दोन खोल्यांचं घर आहे. त्यातली एक तुला चालेल?"

मी तर तिथंच हो म्हणून टाकलं असतं. सेझिम मात्र एवढ्यावर भुलली नाही. माझीच बहीण ती! डोळे बारीक करून तिनं विचारलं, "खिडकी आहे का तिला?"